काळ्या दगडाचा दुसरा उजेड

१८५२ च्या मे महिन्यात लंडनच्या रॉयल सोसायटीत एक निबंध वाचला गेला. लिहिणारा होता केंब्रिजचा गणिती जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स. विषय असा, की काही पदार्थांवर एका रंगाचा प्रकाश पडला तर त्यांतून दुसऱ्याच रंगाचा प्रकाश बाहेर येतो, तो का. पुढच्या वर्षी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी सुटली. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. पहिली काचेच्या नळ्या आणि लोलकांच्या जगातली, दुसरी लोखंडाच्या आणि घामाच्या. तरीही आज भुसावळच्या एखाद्या अंधाऱ्या खोलीत कोणी आपल्या भागातल्या खाणीतला स्फटिक अतिनील दिव्याखाली धरतो, तेव्हा या दोन्ही गोष्टी त्याच्या तळहातावर एकत्र येतात. रेल्वेने दख्खनचा दगड उघडला आणि स्टोक्सने तो पाहायची एक नवी रीत दिली. दोघांची गाठ पडायला मात्र शंभराहून अधिक वर्षं लागली. खान्देशाला तर ती अजून नीट पडली आहे असं मला वाटत नाही.

आधी स्टोक्सकडे जाऊ. जांभळ्या रंगाच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात, हे जर्मनीत योहान विल्हेल्म रिटरने १८०१ मध्येच दाखवलं होतं. वर्णपटाच्या जांभळ्या टोकापलीकडे, जिथे उजेड दिसतच नाही, तिथे ठेवलेलं सिल्व्हर क्लोराइड सर्वांत आधी काळं पडलं, यावरून त्याला ते कळलं. १८४५ मध्ये जॉन हर्शेलने क्विनाइनच्या पाण्यासारख्या स्वच्छ द्रावणाच्या वरच्या थरात उन्हात एक निळी झाक दिसते असं नोंदवलं. स्टोक्सने हेच क्विनाइन घेतलं. अंधाऱ्या खोलीत फटीतून ऊन आत घेतलं, लोलकाने त्याचे रंग वेगळे केले आणि द्रावणाची नळी तांबड्याकडून जांभळ्याकडे हळूहळू सरकवत नेली. तांबडा, पिवळा, हिरवा, निळा, काहीच घडलं नाही. नळी जांभळ्याच्या टोकाला आणि मग त्याच्याही पलीकडच्या अंधारात गेली, आणि तिथे ती निळी उजळली. न दिसणारा किरण आत जातो, त्यातली थोडी ऊर्जा पदार्थात मुरते आणि उरलेली कमी ताकदीच्या, म्हणून डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते. स्टोक्सने युरेनियमची पिवळी काच तपासली, युरेनियमची खनिजं तपासली आणि इंग्लंडच्या खाणींतला फ्लोरस्पारही तपासला. याच फ्लोरस्पारवरून त्याने या गुणाला फ्लुओरेसन्स हे नाव दिलं. मराठीत आपण त्याला प्रतिदीप्ती म्हणतो.

हेच क्विनाइन त्या काळात हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांच्या औषधपेटीत हिवतापावरचा उतारा म्हणून असे. घाटात रेल्वेचं काम सुरू झालं तेव्हा तापाने माणसं आडवी पडत होती आणि इंजिनिअरांच्या तंबूंत क्विनाइनच्या बाटल्या असणारच. दख्खनच्या उन्हात त्या बाटलीवर हर्शेलने पाहिलेली निळी झाक उमटत असणार. बाहेर सुरुंगाने फुटणाऱ्या काळ्या दगडात तोच गुण असलेले स्फटिक दडले आहेत, हे तंबूतल्या कोणाच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं.

बोरघाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं. कर्जतच्या बाजूने लोणावळ्यापर्यंत साधारण पंचवीस किलोमीटरचा चढ, पंचवीस बोगदे आणि दऱ्यांवरचे उंच दगडी पूल. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुख्य इंजिनिअर जेम्स जॉन बर्कले याने मार्ग आखला आणि काम कंत्राटदारांना दिलं. पहिला कंत्राटदार फेव्हिएल याच्या काळात मजुरीवरून इतका असंतोष साचला की १८५९ च्या जानेवारीत मजूर उठले, हाणामारी झाली आणि सरकारला चौकशी करावी लागली. फेव्हिएलने काम सोडलं. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट हातात ठेवलं आणि इंजिनिअर नेमून ते पुरं करून घेतलं. १८६१ मध्ये एका वेळी चाळीस हजारांवर माणसं या घाटात राबत होती. डायनामाइट अजून जगात आलेलं नव्हतं. पहारीने भोक पाडायचं, काळी दारू ठासायची, वात पेटवायची आणि पळायचं. बोगद्याच्या तोंडाशी उभ्या कड्यावर दोराने लोंबकळून भोकं पाडणारी माणसं होती. पटकीच्या साथी आल्या, हजारो मजूर गेले. १८६३ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाट खुला झाला. त्याआधीच, १८६२ मध्ये, बर्कले इंग्लंडमध्ये वारला होता.

या सात वर्षांत दख्खनचा दगड खोलवर आणि सलग फुटला. विहीर खणताना किंवा किल्ला बांधताना दगड फुटतो तो वरवरचा. बोगदा डोंगराच्या पोटात जातो. तिथे सुरुंगाच्या प्रत्येक बाराबरोबर पोकळ्या उघडत होत्या, आणि त्या पोकळ्यांत काचेसारखे स्वच्छ, पांढरे, फिकट गुलाबी, क्वचित हिरवट स्फटिक दाटीवाटीने उगवलेले होते. अ‍ॅपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, कॅल्साइट. त्यांतले उत्तम तुकडे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले आणि युरोपातल्या संग्रहांत पोचले. पुणे हे नाव खनिजशास्त्राला तसं आधीपासून ठाऊक होतं. १८३१ मध्ये हेन्री ब्रूक याने पुण्याकडून आलेल्या एका तंतुमय खनिजाला पूनाहलाइट असं नाव दिलं होतं. ते स्वतंत्र खनिज नसल्याचं पुढे ठरलं. १८६५ च्या सुमारास अमेरिकेच्या शेपर्डने सह्याद्रीवरून सिहेड्राइट हे नाव दिलं, तेही टिकलं नाही. नावं गेली, दगड राहिले. युरोपातल्या संग्रहालयांच्या चिठ्ठ्यांवर बोरघाट हा शब्द मात्र कायमचा उमटला.

या पोकळ्या झाल्या कशा, ते समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, एकदा नव्हे, थरावर थर. आज उरलेलं त्याचं क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे आणि सह्याद्रीत थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. लाव्हा निवताना त्यातले वायू वर येतात आणि थराच्या माथ्याशी अडकून पडतात. दगड गोठतो, बुडबुड्याची जागा रिकामी राहते. मग लाखो नव्हे, कोट्यवधी वर्षं कोमट-गरम पाणी भेगांतून झिरपतं, दगडातलं सिलिका, कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम विरघळवून आणतं आणि त्या रिकाम्या जागेत स्फटिकांच्या रूपात मांडतं. सह्याद्रीतल्या अ‍ॅपोफिलाइटची वयं काढली तेव्हा दिसलं की काही स्फटिक लाव्हानंतर कितीतरी कोटी वर्षांनी वाढलेले आहेत. म्हणजे डोंगर तयार झाल्यावरही आत काम चालूच होतं.

बोरघाटाच्या जोडीने ईशान्येकडचा दुसरा मार्ग चालला होता, थळघाटाचा. १८६५ मध्ये तो घाट खुला झाला. गंमत अशी, की घाटाच्या आधीच घाटमाथ्यावरचे रूळ पुढे गेले होते. इगतपुरी, नाशिक, चाळीसगाव असं करत १८६० च्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत गाडी खान्देशात शिरली आणि तापीकाठच्या भुसावळला आली. तिथून एक फाटा वऱ्हाडकडे, १८६७ मध्ये नागपूरपर्यंत. दुसरा तापी ओलांडून सावदा, रावेर, बऱ्हाणपूर, खांडवा करत १८७० मध्ये जबलपूरला. इंजिनं, कारखाना, वसाहत, यार्ड अशा पायऱ्यांनी एका खेडेगावाचं भुसावळ जंक्शन झालं. आज आपण ज्याला गाव म्हणतो ते या रुळांनीच घडवलं.

पण खान्देशात रेल्वेला बोगदे खणावे लागले नाहीत. तापीचं खोरं गाळाचं आहे. भुसावळच्या आसपास कितीतरी ठिकाणी काळी माती आणि नदीचा गाळ इतका खोल आहे की खालचा काळा दगड दिसत नाही. तो दिसतो दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे आणि उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी. म्हणून बोरघाटात जे सात वर्षांत घडलं ते खान्देशात शंभर वर्षांनी घडलं. रेल्वेच्या काळात इथून निघाला तो पुलांचा घडीव दगड आणि रुळांखालची खडी. खडीत स्फटिक आले असतीलच, पण ते रुळांखाली गेले.

याच सुमारास एक माणूस मात्र खान्देशातून डोळे उघडे ठेवून चालत होता. विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा अधिकारी. तापी आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांवरचा त्याचा ग्रंथ १८६९ मध्ये सर्वेक्षणाच्या मालिकेत आला. त्याच्या आधी दोन वर्षं त्याने पश्चिम आणि मध्य भारतातल्या ट्रॅप, म्हणजे याच लाव्हाच्या काळ्या दगडांवर स्वतंत्र लिखाण केलं होतं. खान्देशचा गाळ, त्याच्या कडेचे डोंगर, थरांची मांडणी हे सगळं त्याने नोंदवलं. नागपूरकडे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप असंच काम करत होता. हिरव्या छटेच्या एका कॅल्साइटला १८५९ मध्ये हिस्लोपाइट नाव दिलं गेलं ते त्याच्यावरून. हातोडा, भिंग आणि पाय, एवढ्या साधनांवर या माणसांनी जे लिहून ठेवलं त्याबद्दल मला अतोनात आदर आहे. प्रतिदीप्ती पाहण्याचं साधन मात्र त्यांच्याजवळ नव्हतं, कारण ते जगातच नव्हतं.

स्टोक्सची अडचण होती ऊन. उन्हात अतिनील किरण असतात, खान्देशच्या उन्हात तर भरपूर. पण त्यांच्यासोबत दिसणारा प्रकाश इतका येतो की दगडातून निघणारी मंद झळाळी त्यात बुडून जाते. शिवाय जे अतिनील किरण खनिजांना सर्वांत जास्त चेतवतात, ते आखूड लांबीचे किरण वातावरणातल्या ओझोनमध्येच शोषले जातात, जमिनीवर पोचत नाहीत. म्हणजे दोन गोष्टी हव्या होत्या. असे किरण निर्माण करणारा दिवा आणि दिसणारा उजेड अडवून न दिसणारा तेवढा सोडणारी काच. १९०३ मध्ये अमेरिकेच्या रॉबर्ट वुडने निकेल ऑक्साइड मिसळून अशी काळसर जांभळी काच बनवली. त्याच सुमारास पाऱ्याच्या वाफेचा दिवा आला. न्यू जर्सीतल्या फ्रँकलिनच्या जस्ताच्या खाणीत विलेमाइट हे खनिज हिरवं पेटतं, हे पाहून तिथे धातुक निवडायला अतिनील प्रकाश वापरला गेला. १९३२ मध्ये टॉमस वॉरनने हातात धरण्याजोगे अतिनील दिवे बनवणारी कंपनी काढली, आणि दुसऱ्या महायुद्धात टंगस्टनची टंचाई झाली तेव्हा शोधकांनी असे दिवे घेऊन रात्री डोंगर पालथे घातले. टंगस्टनचं शीलाइट हे खनिज आखूड अतिनील किरणांत निळंपांढरं उजळतं. त्यात मॉलिब्डेनम वाढत गेलं की निळा रंग पांढऱ्याकडे आणि मग पिवळ्याकडे झुकतो. म्हणजे दिव्याच्या रंगावरून माणूस जागेवरच अंदाज बांधू शकतो. आपल्याकडे नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना पट्ट्यात टंगस्टनची खनिजं आहेत. तिथल्या रानात अंधारात दगड पाहणं हा छंद राहत नाही, ते सर्वेक्षणाचं काम होतं.

भारतात या गोष्टीकडे छंद आणि विज्ञान दोन्ही अंगांनी पाहणारा माणूस होता चंद्रशेखर व्यंकट रामन. नोबेल मिळाल्यानंतरच्या दशकांत ते हिऱ्यांच्या प्रतिदीप्तीत गुंतले. कोणता हिरा निळा उजळतो, कोणता हिरवट, कोणता मुळीच नाही, यावर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९४० च्या दशकात भरभरून काम केलं. बंगळूरला १९४८ मध्ये सुरू झालेल्या आपल्या संस्थेत त्यांनी रत्नांचा, स्फटिकांचा, खनिजांचा संग्रह मांडला आणि त्यात एक अंधारी जागा प्रतिदीप्त खनिजांसाठी राखली. पाहुण्याला आत नेऊन, दिवा लावून, साधे दगड रंगांनी पेटलेले दाखवण्यात त्यांना आनंद वाटत असे. शास्त्रज्ञाने आपल्या संस्थेत अशी जागा करावी, याला मी फार महत्त्व देतो. प्रकाशाचं शास्त्र पुस्तकात वाचणं वेगळं आणि अंधारात दगड डोळ्यांसमोर रंग बदलताना पाहणं वेगळं. दुसऱ्या अनुभवानंतर प्रश्न आपोआप सुटतात तोंडातून.

दख्खनच्या स्फटिकांचा दुसरा मोठा काळ १९६० नंतर आला, आणि तो रेल्वेने आणला नाही. तो आणला सिमेंट-काँक्रीटने. शहरं वाढली, खडी लागली, दगडखाणी आणि क्रशर उभे राहिले. पुण्याजवळच्या पाषाणच्या खाणींतला हिरवा अ‍ॅपोफिलाइट जगभर गेला. तो हिरवा का, याचं उत्तर १९७४ मध्ये अमेरिकेच्या जॉर्ज रॉसमनने दिलं. त्यात व्हॅनेडियम आहे. त्याच वर्षी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रा. सुखेश्वाला यांनी सहकाऱ्यांसह पश्चिम भारतातल्या झिओलाइटांवर, म्हणजे स्टिल्बाइट, स्कोलेसाइट यांच्या गटातल्या खनिजांवर, मोठा लेख लिहिला. १९८८ मध्ये वाघोलीच्या खाणीत गर्द निळा कॅव्हान्साइट सापडला. हे खनिज त्याआधी अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये थोडंसं मिळालेलं होतं, पण वाघोलीसारखं कुठेच नाही. नाशिकला पांडवलेण्याच्या डोंगराकडे पॉवेलाइट निघालं, जगातलं सर्वोत्तम. सिन्नरच्या महोदरीत पिवळा, गोलाकार फ्लोराइट, म्हणजे स्टोक्सचा तो फ्लोरस्पार, निघाला. नौदलात राहिलेले के. सी. पांडे यांनी सिन्नरला २००१ मध्ये गारगोटी हे खनिज संग्रहालय उभं केलं. आणि या यादीत जळगाव जिल्हा आला. जळगाव, सावदा, जामनेर ही नावं परदेशातल्या खनिज मेळ्यांत चिठ्ठ्यांवर दिसू लागली. फिकट केशरी स्टिल्बाइटवर उभा असलेला पारदर्शक अ‍ॅपोफिलाइट ही जळगावची ओळख झाली. बर्टोल्ड ओटन्स या जर्मन अभ्यासकाने २००३ मध्ये भारतीय झिओलाइटांवर जो सविस्तर लेख लिहिला, तो आजही संग्राहकांना वाट दाखवतो.

मग यांतलं दिव्याखाली उजळतं काय? इथे अपेक्षा ठेवताना सावध राहावं. काळा दगड स्वतः उजळत नाही. त्यात लोह भरपूर आहे आणि लोह प्रतिदीप्ती मारून टाकतं. शुद्ध झिओलाइटही बहुधा शांतच राहतात. वाघोलीचा कॅव्हान्साइट दिवसा डोळे दिपवतो, दिव्याखाली काळा पडतो. उजळतं ते दुसरं. पॉवेलाइट म्हणजे कॅल्शियम मॉलिब्डेट, आणि तो आखूड अतिनील किरणांत असा पिवळा पेटतो की स्टिल्बाइटच्या गुच्छात लपलेला मोहरीएवढा स्फटिकही सुटत नाही. संग्राहक दगड निवडताना दिवा वापरतात तो यासाठी. कॅल्साइटचं गणित अधिक रंजक आहे. शुद्ध कॅल्साइट गप्प असतो. त्यात मँगनीजचा अल्प अंश, सोबत शिशाचा किंचित स्पर्श असेल तर तो तांबडा किंवा गुलाबी उजळतो. मँगनीज फार झालं तर पुन्हा विझतो. काही कॅल्साइट पिवळट पांढरे दिसतात आणि दिवा बंद केल्यावरही क्षणभर झळाळत राहतात. अ‍ॅपोफिलाइटचे काही तुकडे मंद पांढरे होतात, काही होत नाहीत. कॅल्सेडोनी आणि ओपल यांत युरेनियमचा अत्यल्प अंश असेल तर टवटवीत हिरवा रंग फुटतो. एकाच खाणीतले दोन तुकडे वेगळे वागतात, कारण दोन पोकळ्यांत झिरपलेलं पाणी वेगळं होतं. दिवसा सारखे दिसणारे दगड रात्री आपापला इतिहास वेगवेगळा सांगतात, आणि इतिहास लिहिणाऱ्याला यापरतं मोठं आकर्षण कोणतं?

खान्देशच्या उत्तरेला, सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की गुजरातच्या छोटाउदेपूर जिल्ह्यात अंबाडुंगर आहे. तिथे कार्बोनेटाइट नावाच्या दुर्मीळ अग्निजन्य खडकासोबत फ्लोरस्पारचा मोठा साठा आहे. १९६३ मध्ये सुखेश्वाला आणि उदास यांनी त्यावर लिहिलं. ज्या दगडावरून स्टोक्सने नाव ठेवलं, तो दगड ट्रॅपच्याच मुलखात निघाला, हे मला विलक्षण वाटतं. इंग्लंडच्या खाणींतले निळे उजळणारे नमुने युरोपियम या दुर्मीळ मूलद्रव्याच्या अंशामुळे उजळतात. म्हणून फ्लोराइटचा प्रत्येक नमुना उजळेल असं धरून चालू नये.

आता भुसावळ. इथल्या घरात बसून काय करता येईल, हे सांगतो, कारण हा विषय श्रीमंतांचा किंवा परदेशस्थांचाच आहे असा समज मला खोटा वाटतो. अतिनील किरण दोन प्रकारांत मिळतात. लांब लहरींचे, ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचे, आणि आखूड लहरींचे, २५४ नॅनोमीटरचे. बँकेत नोटा तपासायचा दिवा लांब लहरींचा. नोटेतला धागा त्याच्याखाली उजळतो ती प्रतिदीप्तीच. बाजारात ३९५ नॅनोमीटरच्या स्वस्त विजेऱ्या सर्रास मिळतात, पण त्यांच्यातून जांभळा उजेड इतका सांडतो की दगडावरून परतलेला जांभळा रंग माणसाला चकाकी वाटतो. घ्यायचीच तर समोर काळी काच बसवलेली ३६५ ची घ्यावी. कॅल्साइटचे काही नमुने आणि कॅल्सेडोनी तिच्याखाली पाहता येतात. शीलाइट, पॉवेलाइट यांना मात्र आखूड लहरी लागतात. हा दिवा महाग असतो आणि त्याबाबत कडक शिस्त पाळावी लागते. हे किरण डोळ्यांना आणि कातडीला भाजतात. बंद चष्मा, पूर्ण बाह्या आणि दिवा स्वतःकडे किंवा मुलांकडे कधीच न वळवणं. साधी काच आखूड लहरी अडवते, म्हणून नमुना काचेच्या कपाटात ठेवून दिवा बाहेरून लावला तर काही दिसत नाही. शाळेच्या प्रदर्शनात हीच चूक वारंवार होते.

दगड धुवून घ्यावा, कारण कपड्याच्या साबणातली चमक आणणारी द्रव्यं स्वतःच निळी उजळतात आणि कापसाचा एक तंतू खनिज असल्याचा भास देतो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला काही मिनिटं द्यावीत. आणि रात्री दगडांच्या ढिगाऱ्याशी असाल तर आधी जमिनीवर दिवा फिरवावा. विंचू अतिनील प्रकाशात हिरवट निळा झळाळतो. खान्देशच्या उन्हाळ्यात हा उपयोग स्फटिकापेक्षा कमी मोलाचा नाही.

खाणीत परवानगीशिवाय जाऊ नये. सुरुंगाची वेळ, सैल कडे, पाण्याने भरलेले खड्डे यांनी दरवर्षी माणसं जातात. दगड हा कायद्याने गौण खनिज आहे आणि खाणीचा हक्क पट्टा घेणाऱ्याचा असतो, हेही लक्षात असावं. विचारून गेलं तर खाणमालक बहुधा नकार देत नाहीत, आणि कामावरची माणसं तर पोकळी उघडली की स्वतः हाक मारतात. ती माणसं तीन-चार शब्दांत जे सांगतात, कोणत्या थरात पाणी लागलं, कुठे दगड भुसभुशीत झाला, कुठे गारा मिळाल्या, ते पुस्तकांत नसतं. बोरघाटात हजारो मजुरांनी हेच ज्ञान डोळ्यांनी गोळा केलं असेल. त्यातलं काहीही लिहून ठेवलेलं आपल्यापर्यंत आलं नाही. आलं ते फक्त साहेबांनी नेलेल्या नमुन्यांवरचं ठिकाणाचं नाव. इतिहासाचा हा तोटा मला सर्वांत जास्त खुपतो.

तोच तोटा आज खान्देशात दररोज होत आहे. महामार्ग चौपदरी होतात, पूल उभे राहतात, क्रशर रात्रंदिवस चालतात. पोकळीतला स्फटिक आणि साधा दगड एकाच जबड्यात जातात. जे वाचतं ते व्यापाऱ्याकडे जातं, तिथून मुंबईला, तिथून परदेशी, आणि चिठ्ठीवर फार तर जळगाव, भारत एवढंच उरतं. कोणतं गाव, कोणती खाण, किती खोलीवर, कोणत्या वर्षी, हे सगळं गळून पडतं. खाण पुढे पाण्याने भरते किंवा बुजवली जाते, आणि मग ते परत शोधायला वाटच राहत नाही.

म्हणून खान्देशातल्या शाळा-महाविद्यालयांना, विद्यापीठाला, रेल्वेच्या लोकांना आणि खाणमालकांना माझं एक मागणं आहे. जळगावच्या विद्यापीठात किंवा भुसावळच्या एखाद्या महाविद्यालयात काळे पडदे लावलेली एक खोली करा, तिच्यात एक नीट बंदिस्त दिवा बसवा आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक खाणीतले दोन-चार तुकडे तिथे आणा. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. लागतो तो खाणमालकाचा एक फोन आणि एका शिक्षकाची चिकाटी. आणि तुकडा कोणीही आणो, त्याच्याखाली गावाचं नाव, खाणीचं नाव, तारीख आणि तो ज्याने काढला त्या माणसाचं नाव त्याच्या संमतीने लिहा. निदान खान्देशच्या दगडावर या वेळी खाणीत राबणाऱ्याचं नाव राहू द्या.